चुलता भाईंदरला आहे, म्हणून प्रवेश मिळेल का?



लागणीच्या नोंदी घ्यायला शिवारात गेलो की हल्ली आम्हांला बेण्यापेक्षा पोरांच्या अॅडमिशनचेच प्रश्न जास्त विचारले जातात. आपल्या गटांतील बऱ्याच घरांतला एखादा भाऊ मुंबईला गेला आणि जागा परवडते म्हणून मीरा रोड-भाईंदरला स्थायिक झाला. मग दहावीचा निकाल लागला, की पोरगं चुलत्याकडे ठेवायचं ठरतं. चुलता मुंबई विद्यापीठाचा बी. कॉम., चुलतबहीण तिथल्याच कॉलेजात, तेव्हा नंबर लागणारच, असा हिशेब. एका सभासदांनी तर उसाच्या दुसऱ्या हप्त्याची रक्कम 'ओळख आहे' म्हणणाऱ्या गृहस्थाच्या हाती द्यायची तयारी केली होती. घरच्या बाईमाणसांनी अडवलं म्हणून वाचले.

चुलत्याच्या पदवीला प्रवेशाच्या यादीत एकही गुण नाही. ही चाल अमेरिकेतली. तिथे हार्वर्डसारख्या विद्यापीठांत आईबाप शिकलेले असले तर मुलाचे पारडे जड होते. याला 'लेगसी' म्हणतात. हार्वर्डवरच्या खटल्यात जी आकडेवारी बाहेर आली, तीत अशा अर्जदारांपैकी शंभरात सुमारे 33 जणांना प्रवेश मिळालेला दिसला, बाकीच्यांत शंभराला 6. त्या खटल्याचा निकाल 2023 साली लागला, तो वंशाचा विचार करण्याबाबत होता. लेगसीला त्याने हात लावला नाही. पुढे कॅलिफोर्निया राज्याने 2024 मध्ये कायदा करून खाजगी विद्यापीठांतही ती बंद केली.

आपल्याकडे नाती चालत नाहीत असे मात्र नव्हे. ती वेगळ्या दाराने येतात. अकरावीला संस्थांतर्गत कोटा असतो, 10 टक्के. त्याच संस्थेच्या शाळेतून दहावी केलेल्यांसाठी तो आहे. भाईंदरच्या शाळेत शिकलेल्या चुलतभावाला तो मिळेल, गावच्या हायस्कुलातून गेलेल्या आपल्या पोराला नाही. पदवीच्या पहिल्या वर्षालाही मुंबईकडची कॉलेजे आपल्याच बारावीच्या मुलांना आधी घेतात. परदेशातल्या मामा-चुलत्याच्या नावावर अनिवासी कोट्यात घुसण्याची वाट पंजाब सरकारने मोकळी केली होती, तिला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये थारा दिला नाही.

इंजिनिअरिंगला जायचे असेल त्यांनी पुढचे नीट वाचावे, कारण इथे खरी गफलत होते. राज्याच्या प्रवेश फेऱ्यांत 'होम युनिव्हर्सिटी' म्हणजे घरचे विद्यापीठ बघतात. 2024 च्या फेऱ्यांतही विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांतल्या बहुतेक जागा घरच्या विद्यापीठाच्या मुलांना आणि थोड्या बाहेरच्यांना, अशीच वाटणी होती. आणि घरचे विद्यापीठ कशावरून ठरते? बापाच्या सातबाऱ्यावरून नाही, चुलत्याच्या पदवीवरून तर नाहीच. मुलाने बारावी कुठून केली, यावरून. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत. तिथून बारावी केली की पोरगं मुंबईचं झालं. तिकडच्या कॉलेजांत त्याला घरच्या जागा मिळतील. पण तेच पोरगं सांगली-साताऱ्याच्या कॉलेजासाठी अर्ज करील, तेव्हा शिवाजी विद्यापीठाच्या लेखी ते बाहेरचं. गाव इथं, शेअर इथं, ऊस इथं, आणि मुलगा परका! तेव्हा पुढे कुठे शिकवायचे हे दहावीलाच ठरवावे लागते.

दुसरा प्रश्न नेहमीचा. साखर कारखान्यांच्या मंडळींनी कॉलेजे काढली. 1983 साली विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली, त्याच वर्षी प्रवरानगरचे सुरू झाले. मग शेअर सर्टिफिकेट दाखवून सीट का मिळू नये? तोड पाहुणेरावळे बघून मिळते अशी ज्यांची समजूत आहे (ते आमच्या तोंडावरही बोलतात), त्यांना हे पटणार नाही. पण देणगी घेऊन प्रवेश देण्याला 1987 च्या कायद्याने बंदी आहे, आणि 2015 च्या कायद्याप्रमाणे संस्थेच्या हातात राहणाऱ्या जागाही गुणांच्या क्रमानेच भरायच्या असतात. त्या जागांची जाहिरात येते, यादी लागते. यादी मागायला लाजू नये.

नात्याला खरा भाव आहे तो शेतकीत, म्हणजे आमच्याच खात्यात. कृषी पदवीच्या प्रवेशात शेतजमीनधारकाच्या पाल्याला सातबाऱ्यावर गुणांचा अधिभार मिळत आला आहे. हे सांगितलं की सभासद खूश होतात आणि उतारा काढायला गेल्यावर कळतं, जमीन अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर! उतारा कुणाच्या नावाचा चालतो हे त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. आमचे म्हणणे इतकेच, की ज्यांची वारसनोंद रखडली आहे त्यांनी पोरगं बारावीला जाण्याआधी तलाठ्याकडचे काम उरकावे. फेरफार मंजूर व्हायला वेळ लागतो, आणि प्रवेशाची तारीख कुणासाठी थांबत नाही.