प्रकाशानें घडणारे नमुने

कारखान्यांत एखादी वस्तु हजारोंनीं निघूं लागण्यापूर्वीं तिचा एक नमुना करावा लागतो. पूर्वीं हा नमुना सुतार लांकडांत कोरी व ओतारी त्यावरून वाळूंत साचा उठवी. प्लास्टिकच्या वस्तूसाठीं तर पोलादाचा साचा कोरून घ्यावा लागे. त्यांत आठवडेच्या आठवडे जात. आणि इतकें करून एक भोंक केसभर चुकलें, तर सारे श्रम व पैसा वायां! ही हानि टाळण्यासाठीं निघालेल्या एका युक्तीची माहिती आम्ही येथें देत आहों. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आपल्या जिल्ह्यांतील कित्येक घरचीं माणसें राबतात. तेव्हां हा विषय आपणांस अगदींच परका नाहीं.

या युक्तीचें नांव स्टिरिओलिथोग्राफी. लिथोग्राफी म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या परिचयाचा शिळाछाप, आणि स्टिरिओ म्हणजे घन. तिचें मूळ तत्त्व जुनेंच आहे. छायाचित्रांचे ठसे करणारे कारागीर धातूच्या पत्र्यावर एक लेप देत. प्रकाश जेथें पडे तेथें तो घट्ट होई आणि उरलेला धुवून जाई. आपल्या त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले दादासाहेब फाळके हेहि १९१३ सालीं चित्रपट काढण्यापूर्वीं ठसे व छपाई यांच्याच धंद्यांत होते. मात्र हा लेप एकच, पातळ असे. त्यावर दुसरा, तिसरा असे थर चढवून उंच वस्तु उभारतां येईल, हें सुचण्यास पुष्कळ काळ लागला.

जपानांत नागोया येथें हिदेओ कोदामा यांनीं असा प्रयोग करून १९८१ सालीं तो प्रसिद्ध केला. परंतु पेटंटची कारवाई पुरी न झाल्यानें तो हक्क त्यांस मिळाला नाहीं. अमेरिकेंत चार्ल्स हल हे इंजिनियर टेबलांवरील लेप अतिनील प्रकाशानें कडक करण्याच्या धंद्यांत होते. नमुन्यांसाठीं लागणाऱ्या विलंबास ते कंटाळले होते. १९८३ च्या मार्चमध्यें त्यांनीं या रीतीनें डोळे धुण्याची एक लहानशी वाटी तयार केली. १९८६ सालीं त्यांस पेटंट मिळालें.

आतां कृति पाहूं. आपल्या बाजारांतील एक कांदा घ्या. त्याच्या आडव्या चकत्या कापा आणि त्या पुन्हां क्रमानें एकावर एक रचा. कांदा पहिल्यासारखा दिसेल. संगणक वस्तूच्या चित्राच्या अशाच चकत्या करतो. एका पात्रांत रेझिन नांवाचा पातळ द्रव असतो. त्यांतील रेणु सुटे असतात. प्रकाश पडतांच त्यांत मिसळलेलें एक द्रव्य जागें होतें आणि ते रेणु जत्रेंतील मुलांप्रमाणें एकमेकांचे हात धरून सांखळ्या करतात. अशा रीतीनें द्रवाचा घन होतो. लेसरचा किरण पहिल्या चकतीचा आकार द्रवाच्या पृष्ठावर गिरवितो. मग खालची पाटी किंचित् खालीं जाते, ताजें रेझिन वर पसरतें आणि दुसरी चकती पहिलीस चिकटते. एक थर मिलिमीटरचा दहावा भाग धरला, तर सहा सेंटिमीटर उंचीस सहाशें थर लागतील! शेवटीं वस्तु द्रावणानें धुवून पुन्हां अतिनील प्रकाशांत ठेवितात, म्हणजे ती पुरी कडक होते. अधांतरीं भागांस खालून टेकू द्यावे लागतात व मागाहून ते कापून टाकावे लागतात.

या वस्तूंत दोषहि आहेत. पुष्कळ रेझिनें ठिसूळ असतात व उन्हानें पिवळीं पडतात. शिवाय ओलें रेझिन कातडीस अपायकारक असल्यानें हातमोजे घालावेच लागतात. म्हणून या रीतीनें पुष्कळदां अखेरची वस्तु न करतां तिचा नमुनाच करितात. मुंबईच्या दागिन्यांच्या धंद्यांत असा नमुना साच्यांत जाळून त्याच्या पोकळींत सोनें ओततात. दांत सरळ करणारे वैद्य त्यावरून रोग्याच्या मापाचे साचे बनवितात.

विद्यार्थिमित्रांनो, हें यंत्र चुका होऊं देत नाहीं असें नाहीं. चूक स्वस्त असतां ती दाखवून देतें, हाच त्याचा मोठा गुण. आजची चूक आजच हातीं लागली तर पोलाद वांचतें. तुमच्या कच्च्या वहीचें कामहि याहून निराळें नाहीं. तींतील खाडाखोडीस लाजूं नका. पालकांनींहि तीवरून मुलांस रागें भरूं नये, एवढेंच आमचें सांगणें.