एलईडी एक, तऱ्हा तीन

एलईडी लुकलुकवायला किती अक्कल लागते? फारशी नाही. पण चिप बदलली की सगळं पुन्हा पहिल्यापासून! पिन आउटपुट करायची, तर एव्हीआरमध्ये डीडीआर रजिस्टरच्या बिटमध्ये १ लिहायचा, पिकमध्ये ट्रिसच्या बिटमध्ये ०. आणि ८०५१ मध्ये दिशेचं रजिस्टरच नाही. शिवाय कंपायलर वेगळा, प्रोग्रामर किट वेगळं. फायनल इयरला ऐनवेळी हवी ती चिप मिळाली नाही, तर प्रोजेक्टचे आठवडे यातच जातात.

उपाय एकच : सगळ्यांना मिळून एक सॉफ्टवेअर. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रियात सुरू झालेल्या आर्डुइनोने हीच वाट धरली. आपण फक्त पिनमोड, डिजिटलराइट लिहायचं. रजिस्टरांची भाषा त्या बोर्डाचा 'कोअर' सांभाळतो. म्हणूनच तो प्रोग्रॅम ऊनोवर चालतो आणि ईएसपी३२ वरही. मेनूतून बोर्ड निवडा, पिन नंबर तपासा, झालं!

फुकट मात्र काहीच नसतं. ऊनोवर डिजिटलराइट हे थेट रजिस्टरमध्ये लिहिण्यापेक्षा बरंच हळू चालतं. आणि ऊनोचे ५ व्होल्ट ईएसपी३२ च्या ३.३ व्होल्टवाल्या पिनला दिलेत, तर कुठलंही सॉफ्टवेअर वाचवायला येणार नाही. तेव्हा सॉफ्टवेअर एकच असू द्या. डेटाशीट मात्र प्रत्येक चिपची वाचा.