अर्ध्या तिकिटाची सहल

मैत्रिणींनो, माहेर नि लग्नकार्यं सोडून, निव्वळ स्वतःसाठी तुम्ही एकट्या कधी घराबाहेर पडला होतात? आठवत नाही ना? मलाही आठवेना. म्हणून परवा सकाळचं आवरलं, ‘रात्रीचं जेवण तुम्ही बघा’ म्हटलं आणि पुण्याहून वाईची एस.टी. धरली. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला एस.टी.त निम्मंच तिकीट पडतं, ते असं कामी आलं! ढोल्या गणपतीला हात जोडले, घाटावर कृष्णेच्या पाण्यात पाय सोडून बसले, दशमी-चटणी खाल्ली. उशिरा परतले, तर आमटी थोडी लागलेली. पण सगळे पोटभर जेवलेले! आपल्यावाचून घराचं अडतं, हा आपलाच समज हो. महिन्यातला एक दिवस तुम्हीही असा काढून बघाच!