'म्लेच्छ' म्हणजे नेमकं कोण?

मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्गाकडे होडी सुटली की गप्पा शिवकाळाकडे वळतात आणि 'म्लेच्छ' हा शब्द कुणीतरी उच्चारतोच. अर्थ सगळ्यांनी गृहीत धरलेला असतो. तो जरा तपासून पाहू.

गैरसमज : म्लेच्छ म्हणजे मुसलमान.
वस्तुस्थिती : हा शब्द इस्लामच्या उदयाआधी हजारहून अधिक वर्षं वापरात होता. 'म्लेच्छ्' या धातूचा अर्थ अस्पष्ट बोलणं. शतपथ ब्राह्मणात असुर 'हे अरयः' म्हणायच्या जागी 'हेऽलवः' म्हणतात, आणि हरतात. 'र'चा 'ल' आणि 'य'चा 'व' झाला, एवढाच अपराध! आमचं मालवणी 'खंय जातंस?' ऐकून घाटावरचा पाहुणा गोंधळतो, तेव्हा त्या जुन्या व्याख्येच्या जवळपास आम्हीच उभे असतो.

गैरसमज : म्लेच्छ म्हणजे समुद्रापलीकडचा.
वस्तुस्थिती : मनुस्मृतीत काळवीट जिथे आपसूक वावरतो ती यज्ञाला योग्य भूमी, त्यापलीकडचा म्लेच्छदेश. ही रेघ समुद्रावर नव्हे, भारताच्याच भूमीवर ओढलेली होती. बौधायन धर्मसूत्र तर मगध, सुराष्ट्र आणि दक्षिणापथातल्या लोकांनाही संमिश्र उत्पत्तीचे म्हणतं. दक्षिणापथात आपणही आलो.

गैरसमज : म्लेच्छांकडून काही घ्यायचं नाही, असा शास्त्राचा दंडक होता.
वस्तुस्थिती : शब्दात तुच्छता होती, हे नाकारायचं कारण नाही. तरीही मीमांसेचा भाष्यकार शबर सांगतो, की 'पिक' (कोकीळ), 'तामरस' (कमळ) अशा शब्दांचा अर्थ म्लेच्छांच्या वापरावरूनच घ्यावा. सहाव्या शतकातला वराहमिहिर यवनांना (ग्रीकांना) म्लेच्छ म्हणतो आणि ज्योतिषातल्या ज्ञानामुळे ते ऋषींसारखे पूज्य, असंही सांगतो. कामसूत्रातल्या 64 कलांमध्ये 'म्लेच्छितविकल्प' आहे, म्हणजे सांकेतिक लिपी-भाषेची कला.

गैरसमज : कोकणात परका म्हणजे कायम शत्रूच.
वस्तुस्थिती : सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या खारेपाटणला सापडलेल्या शिलाहार रट्टराजाच्या 1008 सालच्या ताम्रपटात शैव मठाच्या खर्चाची तरतूद आहे. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सोन्याचा गद्याण मठाला मिळायचा. उत्तर कोकणात चिंचणीला मिळालेल्या 926 सालच्या ताम्रपटात संजाणचा राष्ट्रकूट अधिकारी आहे एक अरब, 'ताजिक' मधुमती. मधुमती म्हणजे महंमद. देवीच्या मठासाठी दिलेल्या दानाला त्याची संमती आहे.

मध्ययुगात तुर्कांशी लढाया वाढल्या, तसा हा शब्द मुख्यतः मुसलमानांसाठी वापरला जाऊ लागला. शिवकालीन काव्यांतही तो येतो. पण त्याच काळात शिवाजी महाराजांच्या आरमारात दर्यासारंग आणि दौलतखान हे मुसलमान अधिकारी होते. तेव्हा यापुढे हा शब्द कानावर आला, तर तो कोणत्या शतकातला आहे हे आधी विचारा. अर्थ त्यानंतर सांगा.