काटा नव्वदवर, दिवा लाल
बॉनेटखालचं जग : लेखांक ९

गेल्या आठवड्यात हीटर प्लगबद्दल लिहिताना एक प्रश्न मी बाजूला ठेवला होता: प्लग किती सेकंद तापवायचे, हे ठरतं कशावरून? उत्तर आहे, इंजिनाच्या पाण्यातल्या तापमानाच्या सेन्सरवरून. आजचा विषय त्याच सेन्सरच्या शेजारचा आहे. गाडी खंबाटकीच्या चढाला लागते, तीनदा बीप वाजते आणि मीटरमधला थर्मामीटरच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकू लागतो. तापमानाचा काटा मात्र अगदी मध्ये, नव्वदवर स्थिर. अशा वेळी विश्वास कुणावर ठेवायचा?

उदाहरणासाठी स्कोडा ऑक्टाव्हियाची १.९ टीडीआय डिझेल गाडी घेऊ. स्कोडा २००१ मध्ये भारतात आली आणि औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात ही गाडी जोडली जाऊ लागली. आपल्याकडे ती अजूनही बरीच दिसते, आणि हौसेनं सांभाळलेली दिसते. त्या काळच्या चौथ्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फमध्येही हीच रचना होती, त्यामुळे तिचे गुणदोष जगभरच्या मेकॅनिकांना पाठ आहेत. शिवाय तिचं इलेक्ट्रॉनिक्स एका मल्टिमीटरनं तपासता येईल इतकं सरळ आहे. या गाडीवर हात बसला की इतर डिझेल गाड्यांचा दिवा समजायला वेळ लागत नाही.

आधी रस्त्यावरचं. दिवा लागला की तो खरा आहे असंच धरून चालायचं. सुरक्षित जागा बघून गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. घाटात लगेच थांबायला जागा नसेल तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरम करा, पंखा जोरात ठेवा. हीटरची छोटी जाळी म्हणजे एक जादा रेडिएटरच असतो. कूलंटच्या बाटलीचं झाकण गरम असताना उघडू नका. या गाडीच्या झाकणाचा दाब सुमारे दीड बार असतो, आणि त्या दाबाखाली साधं पाणीही १२५ अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब क्षणात सुटतो आणि ते पाणी वाफ होऊन थेट अंगावर येतं. भाजलेले हात मी गॅरेजांमध्ये पाहिले आहेत, म्हणून हे दरवेळी लिहितो आणि पुढेही लिहीन.

आता निदान. पहिला मुद्दा बहुतेकांना ठाऊक नसतो: या गाडीत एकच लाल दिवा दोन कामं करतो. पाणी जास्त तापलं तरी तो लुकलुकतो आणि बाटलीतलं कूलंट कमी झालं तरी तोच लुकलुकतो. दुसरा मुद्दा काट्याचा. हा काटा खरं तापमान जसंच्या तसं दाखवत नाही. साधारण ७५ ते १०५ अंशांच्या टप्प्यात तो मुद्दाम नव्वदवर धरून ठेवलेला असतो, म्हणजे घाटात थोडं वरखाली झालं तर चालवणाऱ्याला उगाच काळजी नको. मला स्वतःला हा निर्णय पटत नाही. सावध चालकाला थोडं वरखाली दिसायलाच हवं. पण रचना तशी आहे, आणि तिचा एक उपयोग होतो: काटा नव्वदवर असताना दिवा लुकलुकत असेल, तर पहिला संशय तापमानावर घ्यायचा नाही, कूलंटच्या पातळीवर घ्यायचा.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बाटली बघा. कूलंट किमान रेषेच्या खाली असेल तर दिवा खरं बोलतोय. दोष दिव्यात नाही, गळतीत आहे. होज, रेडिएटर, पाण्याचा पंप, हीटरची जाळी अशा क्रमानं ती शोधावी लागेल. पातळी बरोबर असूनही दिवा लागत असेल, तर बाटलीतल्या दोन पिनांकडे वळा. पातळीचा हा सेन्सर म्हणजे कूलंटमध्ये बुडालेल्या धातूच्या दोन बारीक पिना, एवढंच. कूलंट वीज वाहून नेतं, म्हणून दोन्ही पिना बुडालेल्या असल्या की मीटरला कळतं, पातळी ठीक आहे. पिना उघड्या पडल्या की प्रवाह तुटतो आणि दिवा लागतो.

इथेच आपल्या सवयी नडतात. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं की पिनांवर क्षार साचतो आणि कूलंटनं भरलेल्या बाटलीतही पिनांना वाटतं, बाटली रिकामी आहे. याच्या उलटही घडतं. कुणी नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरलं, तर ते वीज इतकी कमी वाहतं की पातळी पूर्ण असूनही दिवा लुकलुकू शकतो. या गाडीचं मूळ कूलंट गुलाबी-लाल रंगाचं असतं. त्यात जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट मिसळलं तर तपकिरी गाळ तयार होतो. तो पिनांवर बसतो आणि रेडिएटरच्या नळ्यांतही.

तपासायची पद्धत सोपी आहे. बाटलीखालचा कपलर काढा. आत हिरवट-पांढरी बुरशी धरली असेल तर साफ करा. मग तारेच्या एका तुकड्यानं कपलरची दोन टोकं जोडून इग्निशन चालू करा. दिवा शांत राहिला तर वायरिंग आणि मीटर ठीक आहे, दोष बाटलीच्या पिनांचा किंवा कूलंटचा. तरीही दिवा लुकलुकत असेल तर वायर कुठेतरी तुटली आहे, किंवा तक्रार पातळीची नसून तापमानाची आहे. तपासणी झाली की तो तुकडा काढायचा. गाडी तशीच जोडून परत दिलेली मी बघितली आहे. दिवा गेला म्हणून मालक समाधानी असतो, पण पुढे खरंच कूलंट संपलं तर त्याला सांगणारं कुणी उरलेलं नसतं.

आता तापमानाचा सेन्सर. हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला पाण्याचा एक प्लॅस्टिकचा जोड आहे, त्यात हा बसतो. त्याला चार पिना असतात, कारण एकाच कवचात दोन वेगळे सेन्सर आहेत: एक इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला तापमान सांगतो, दुसरा मीटरमधल्या काट्याला आणि दिव्याला. दोघांचा एकमेकांशी विजेचा संबंध नाही, म्हणून एक बिघडला तरी दुसरा ठणठणीत असू शकतो. या पिढीतले सुरुवातीचे काळ्या डोक्याचे सेन्सर लवकर बिघडण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. नंतर हिरव्या डोक्याचा सुधारित सेन्सर आला, आणि आज बदलायचा झाला तर तोच घ्यावा.

दोन साक्षीदार असल्याचा फायदा निदानात मोठा आहे. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांसाठीचा स्कॅनर लावला की पत्ता ०१ वर ईसीयूचं तापमान वाचता येतं आणि पत्ता १७ वर मीटरचं. गाडी गरम करून दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवा. ईसीयू ९० सांगतोय आणि मीटर १२५, तर पाणी बहुधा ठीक आहे आणि मीटरच्या वाट्याचा अर्धा सेन्सर किंवा त्याची वायर बिघडली आहे. दोन्ही आकडे एकमेकांना धरून वर चढत असतील, तर सेन्सरला दोष देणं थांबवा. इंजिन खरंच तापतंय.

स्कॅनर नसेल तर गाडीचं वागणं बघा. ईसीयूच्या वाट्याचा सेन्सर चुकून फार थंड सांगत असेल, तर मे महिन्याच्या दुपारीही हीटर प्लगचा दिवा रेंगाळतो आणि स्टार्टला धूर जास्त येतो. तो फार गरम सांगत असेल, तर प्लग तापतच नाहीत आणि महाबळेश्वरच्या पहाटे सेल्फ लांब मारावा लागतो. मीटरच्या वाट्याचा सेन्सर बिघडला, तर इंजिन चालू-बंद व्हायला काही फरक पडत नाही. फक्त काटा मधूनच शून्यावर पडतो किंवा दिवा वेळीअवेळी लागतो. हेडलाइट लावल्याबरोबर काटा हलत असेल, तर सेन्सर सोडून आधी अर्थिंग तपासा. इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी गंजली की अशी लक्षणं दिसतात. पावसाळ्यात घुशी-उंदरांनी वायर कुरतडली आहे का, तेही बघा. सेन्सरची वायर तुटली तर तापमान अतिथंड वाचलं जातं आणि दोन वायर एकमेकींना चिकटल्या तर अतिगरम, एवढं लक्षात असलं की अर्धं काम होतं.

हे असं का होतं? हा सेन्सर म्हणजे तापमानाबरोबर रोध कमी होणारा थर्मिस्टर आहे. २० अंशांना तो सुमारे अडीच हजार ओहम दाखवतो आणि ८० अंशांना जेमतेम तीनशेच्या आसपास. वायर तुटली की रोध अनंत होतो, म्हणून मीटर समजतो कडाक्याची थंडी आहे. सेन्सर बाहेर काढल्यावर ही तपासणी घरच्या गॅसवरही होते: पातेल्यात पाणी, सेन्सरचं टोक पाण्यात, शेजारी स्वयंपाकाचा थर्मामीटर आणि पिनांना मल्टिमीटर. पाणी तापत जाईल तसा रोध सलग उतरत गेला पाहिजे, मध्येच उडी मारता कामा नये. उकळी आल्यावर समजा पुण्यात आहात, तर ते शंभर अंश धरू नका. तिथल्या उंचीवर पाणी साधारण ९८ ला उकळतं. दोन्ही जोड्या वेगवेगळ्या मोजा.

सगळ्यांत स्वस्त चाचणी मात्र पहाटेची आहे, आणि मला ती फार आवडते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत स्टार्टर न मारता फक्त इग्निशन चालू करायचं आणि स्कॅनरवर पाण्याचं तापमान व आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचायचं. बाहेर २२ अंश असतील तर दोन्ही आकडे त्याच्याच आगेमागे असले पाहिजेत. बाहेर २२ आणि पाण्याचा सेन्सर ६० म्हणत असेल, तर एकही स्क्रू न उघडता निदान झालं.

आता दिवा खरा ठरला तर. या १.९ इंजिनाचा एक जुना रोग सांगायलाच हवा. पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवर फिरतो आणि काही पंपांची पाती प्लॅस्टिकची असतात. ती चिरली की शाफ्टवर सैल होतात: बाहेरून पुली फिरताना दिसते, आत पाणी ढकललंच जात नाही. खूण अशी की इंजिन तापलेलं असतं आणि हीटरमधून मात्र गार हवा येते. टायमिंग बेल्ट बदलताना धातूच्या पात्यांचा पंप बसवणं हा यावरचा नेमका उपाय. थर्मोस्टॅट सुमारे ८७ अंशांना उघडायला लागतो. तो बंद अवस्थेत अडकला तर वरचा होज कढत आणि रेडिएटरचा खालचा होज गार लागतो.

आणि एक धोकादायक बाजू. पाणी खूपच कमी झालं तर तापमानाच्या सेन्सरभोवती पाण्याऐवजी हवा राहते. हवा त्याला नीट तापवत नाही, म्हणून काटा खाली येतो आणि हेड भाजत असताना मीटर सांगतो, सगळं ठीक. या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे. अशा तापण्यानं हेड वाकतं आणि गॅस्केट जातं. म्हणून पातळीचा दिवा लुकलुकल्यावर काटा उतरताना दिसला, तर तो दिलासा मानू नका. संशय असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटरनं हेडवरच्या जोडाचं तापमान घ्या. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र कमी आकडा दाखवतं, म्हणून तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा.

गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो: थर्मोस्टॅट काढून टाका, पंखा डायरेक्ट करा, गाडी कधी गरम होणार नाही. कृपया हे करू नका. डिझेल इंजिन मुळातच हळू तापतं. थर्मोस्टॅट काढला की ते बराच काळ थंडच चालतं, डिझेल जास्त पितं, आणि थंड भिंतींवरून निसटलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये मिसळतं. शिवाय ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढल्यावर पाणी रेडिएटर टाळून जवळच्या वाटेनं फिरत राहतं, आणि चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

सेन्सरच बदलायचा ठरला, तर इंजिन पूर्ण थंड असताना झाकण सैल करून दाब काढा, मग प्लॅस्टिकची क्लिप ओढा. थोडं कूलंट सांडेल. आतलं रबरी ओ-रिंग जुनं ठेवू नका. नव्या सेन्सरसोबत नवंच बसवा, जुनं हमखास पाझरतं. पातळी भरून हीटर गरमवर ठेवा आणि पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालू द्या, म्हणजे अडकलेली हवा निघते. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी थंड असताना पातळी पुन्हा बघा, कमी झाली असेल तर भरा, आणि तेव्हाच पाण्याचा व हवेचा आकडा जुळतो का तेही वाचा.

पुढच्या लेखांकात ऑइल प्रेशरचा दिवा.