गिरगावातली खोली: रूप नवं, भाडेपावती जुनी

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून आतल्या एका वाडीत शिरायचं आणि चाळीचा लाकडी जिना चढून तिसऱ्या मजल्यावर यायचं. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या, कठडा हात लागून लागून तुकतुकीत झालेला. गॅलरीत बादल्या, तुळशीची कुंडी, वाळत घातलेले टॉवेल. या सगळ्या ओळीत एकच दार नवंकोरं आहे: अक्रोडी लॅमिनेट आणि बोटाच्या ठशावर उघडणारं कुलूप. दहा बाय अठराची, म्हणजे 180 चौरस फुटांची ही खोली सध्या विकायला आहे. ‘पूर्ण नूतनीकरण केलेला स्टुडिओ अपार्टमेंट, मेट्रोपासून चालत पाच मिनिटं’ असं जाहिरात सांगते. मेट्रोचं खरंच आहे.

काम उत्तम झालंय, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. छताच्या सागवानी तुळया झाकायचा मोह टाळलाय. त्यांच्यावरचे ऑइलपेंटचे थर खरवडून नुसतं पॉलिश मारलंय. छत उंच, साडेअकरा फुटांवर. त्यामुळे पोटमाळ्यावर गादी टाकता येते आणि बसल्यावर डोकं आपटत नाही. मालाडच्या आठ-नऊ फुटी छताखाली राहणाऱ्याला हे सुख कळेल. ओटा एल आकाराचा, खाली ओढायचे कप्पे. पाणी ठराविक वेळीच येतं, म्हणून मोरीच्या वर टाकी बसवलेली आहे. पूर्वीच्या मोरीच्या जागी आता काचेची पार्टिशन आणि कमोड.

कमोडपाशी मात्र जरा थांबायला हवं. अशा चाळींत संडास मजल्याच्या टोकाला, सामाईक. सांडपाण्याचे उभे पाइप त्या बाजूला आणि मोऱ्यांच्या मागे असतात. खोलीत संडास आणायचा तर नळाला उतार मिळावा म्हणून जमीन पाच-सहा इंच उचलावी लागते. इथे एक पायरी चढून आत जावं लागतं ते त्यामुळेच. जमीन म्हणजे तरी काय, लाकडी तुळयांवर फळ्या, फळ्यांवर चुन्याचा कोबा, आणि आता त्यावर भराव आणि चकचकीत टाइल्स. एवढं वजन तुळया कदाचित पेलतील, पण ओल त्यांना सोसत नाही. नहाणीच्या जाळीशी थेंबथेंब गळती सुरू झाली की पाणी तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे जाऊन बसतं, आणि लाकूड कुजायला सुरुवात नेमकी तिथेच होते. वरून काही दिसत नाही, दिसतं ते खालच्या मजल्यावर. म्हणून घर बघायला आलेल्याने खालच्या खोलीचं दार वाजवावं आणि “काकू, तुमचं छत जरा बघू का?” असं विचारावं. गिरगावात अजून या प्रश्नाला नकार मिळत नाही, चहाही मिळतो.

या खोल्या बांधल्या गेल्या त्या कारकून, छापखान्यातले कामगार, कोकणातून आलेले एकटे चाकरमानी यांच्यासाठी. इथल्याच केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 साली सार्वजनिक गणेशोत्सव बसला. 14 मार्च 1931 रोजी ‘आलम आरा’ लागला तो इथल्या मॅजेस्टिकमध्ये. थिएटर गेलं, त्या जागी त्याच नावाचं शॉपिंग सेंटर उभं आहे. मुलांची लग्नं झाली, दहा बाय अठरात दोन संसार मावेनात, तशी एकेक बिऱ्हाडं डोंबिवली, बोरिवली, दहिसरकडे गेली. खोल्या मात्र सोडल्या नाहीत. कुलूप लावून ठेवल्या. गणपतीत उघडायच्या, एरवी बंद.

आता ती कुलपं निघू लागली आहेत. मेट्रो 3 साठी जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरच्या जुन्या इमारती पडल्या, तिथली कुटुंबं हलली, कित्येक वर्षं दुकानांपुढे पत्रे लागले होते. ऑक्टोबर 2025 मध्ये गिरगाव स्थानक सुरू झालं. आरे ते कफ परेड ही 33.5 किलोमीटरची मार्गिका वांद्रे-कुर्ला संकुलातून जाते, त्यामुळे तिथे नोकरी करणाऱ्या एकट्या तरुण-तरुणीला ही खोली एकदम सोयीची झाली. वाड्यांच्या डोक्यावर टॉवर आले आहेत. त्यांतल्या काहींत मासे-मटण खाणाऱ्याला घर दाखवतच नाहीत, ही तक्रार इथल्या मराठी माणसाच्या तोंडी नेहमी असते, आणि ती उगाच नाही. चाळीतल्या नव्या दाराआड सुरमई तळायला अजून कुणाची हरकत नाही. जाहिरातीत हा मुद्दा यायला हवा होता.

किंमत विचारली की दलाल उलट आपलंच बजेट विचारतो. त्याला प्रश्न वेगळा करायला हवा: “पावती कोणाच्या नावावर आहे?”

कारण इथे विकायला आहे तो भाडेकरूचा हक्क. खोली पागडीची, मालकी घरमालकाची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 56 मुळे भाडेहक्क सोडण्या-देण्यासाठी पैसे घेणं कायदेशीर झालं, पण घरमालकाच्या संमतीशिवाय पावती नव्या नावावर होत नाही. रिवाजाप्रमाणे त्या रकमेतला सुमारे तिसरा हिस्सा घरमालक घेतो, आणि तो कोण भरणार हे आधीच ठरवावं लागतं. मालकी नसल्यामुळे बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत. भाडं मात्र किरकोळ, वर्षाला चार टक्क्यांनी वाढणारं.

मग एवढे पैसे लोक कशासाठी मोजतात? पुनर्विकासासाठी. उपकरप्राप्त इमारतीला विकास नियंत्रण नियमावलीतलं, जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचं कलम 33(7) लागू झालं, 51 टक्के रहिवाशांनी संमती दिली आणि विकासकाने शब्द पाळला, तर 180 फुटांच्या भाडेकरूला किमान 300 चौरस फुटांचं, स्वतःच्या मालकीचं घर मिळतं. या वाक्यातला प्रत्येक ‘तर’ दहा-पंधरा वर्षं खाऊ शकतो. म्हाडाने लावलेल्या टेकूंवर वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या इमारती याच परिसरात दिसतात. पुनर्विकास झाला तर टाइल्स, ओटा, पोटमाळा यांची किंमत शून्य. तिथे मोजला जातो तो पावतीवरचा हक्क.

शिवाय अलीकडे एका डबल रूमच्या मधोमध भिंत घालून दोन ‘स्टुडिओ’ करायची टूम निघाली आहे. 13 जून 1996 नंतर निर्माण झालेले नवे भाडेहक्क पुनर्विकासात धरत नाहीत. म्हणजे दोघांनी पैसे मोजायचे आणि घर मिळायचं एकच. ही खोली तशी कापलेली नाही, मूळचीच दहा बाय अठरा आहे, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवं.

राहण्यासाठी घ्यायची असेल, पैसे रोख हातात असतील आणि जिना चढायची तयारी असेल, तर सौदा वाईट नाही. गुंतवणूक म्हणून बघणाऱ्याने दुसरीकडे जावं. बघायला येणार असाल तर जुलैच्या धो धो पावसात या, 1996 च्या आधीची एक तरी भाडेपावती मागा, आणि घरमालकाशी समोरासमोर बोलणं झाल्याशिवाय टोकनचा एक रुपयाही देऊ नका.