पाचवा गडी

गावच्या शाळेत शर्यती झाल्या की घरी परतलेल्या पोराला एकच प्रश्न विचारला जातो, "कितवा आलास?" पहिला आलो म्हटले की पाठीवर थाप पडते. तिसरा-चौथा आलो म्हटले की, "बरं बरं, आता गुरं सोड आणि अभ्यासाला बस," असे ऐकावे लागते. पहिला नंबर तेवढा खरा, बाकीचे पळाले काय नि न पळाले काय, अशी आपली समजूत असते. परंतु धावण्याच्या ज्या एका शर्यतीत आपल्या देशाचे नाव जगात आदराने घेतले गेले, ती शर्यत अशा मागे राहिलेल्या गड्यांच्याच जिवावर उभी आहे. चार गडी आणि प्रत्येकी चारशे मीटर, अशी ती रिले शर्यत.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पेरणी-लावणीच्या या पानांत धावण्याची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण धावणारी पोरे बहुधा शेतकऱ्याच्या, मजुराच्या घरातूनच येतात. म्हणून हा विषय आपलाच आहे.

शर्यत अशी असते

चारशे मीटर म्हणजे मोठ्या मैदानाची एक पूर्ण फेरी. पहिला गडी हातात बॅटन घेऊन एक फेरी धावतो आणि ती दुसऱ्याच्या हाती देतो, दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला. बॅटन म्हणजे २८ ते ३० सेंटिमीटर लांबीची, निदान ५० ग्रॅम वजनाची गुळगुळीत पोकळ नळी. ती २० मीटरच्या आखलेल्या पट्ट्यातच एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेली पाहिजे. पट्ट्याबाहेर गेली तर सगळा संघ बाद. हातून पडली तर ज्याच्या हातून पडली त्यानेच ती उचलायची. एकाची चूक चौघांना भोवते, आणि एकाची मेहनत चौघांना तारते.

नासाऊचे दोन दिवस

२०२४ च्या मे महिन्यात बहामा बेटांवर नासाऊ या गावी जागतिक रिले स्पर्धा झाली. पॅरिस ऑलिंपिकची दारे तिथे उघडायची होती. पहिल्या दिवशी भारताचा दुसरा गडी राजेश रमेश याच्या पायात गोळा आला. तो थांबला आणि संघाची शर्यत अर्ध्यावरच संपली. हा तामिळनाडूचा धावपटू रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करीत पुढे आलेला.

दुसऱ्या दिवशी आणखी एक संधी होती. त्या दिवशी राजेशच्या जागी आरोकिया राजीव उतरला. तिशी ओलांडलेला हा जुना गडी. २०१४ च्या आशियाई खेळांत त्याने चारशे मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले होते, पण त्याच्यापेक्षा तरुण आणि वेगवान मुले आता संघात आली होती. मुहम्मद अनस, मुहम्मद अजमल, आरोकिया राजीव आणि अमोज जेकब या चौघांनी ३ मिनिटे ३.२३ सेकंदात शर्यत पुरी केली. अमेरिकेच्या मागे दुसरा क्रमांक आला आणि ऑलिंपिकची जागा पक्की झाली.

भाताच्या लावणीत ज्याने काम केले आहे त्याला यातले मर्म सांगायला नको. जाणता शेतकरी लावणी संपल्यावर सगळा तरवा फेकून देत नाही. चार मुठी बाजूला राखून ठेवतो. आठ-दहा दिवसांनी कुठे रोपे मेली, कुठे खेकड्यांनी तोडली, तर तिथे नांगे भरायला त्याच मुठी उपयोगी पडतात. रिलेचा पाचवा-सहावा गडी म्हणजे हा राखून ठेवलेला तरवा. तो नसता तर त्या दिवशी पॅरिसची जागा पक्की झाली नसती.

सेकंदांचा हिशेब

आता थोडे गणित करू. मुहम्मद अनसने २०१९ साली चारशे मीटर ४५.२१ सेकंदात धावून राष्ट्रीय विक्रम केला होता. चौघेही त्याच वेगाने धावले असे धरले तरी बेरीज १८०.८४ सेकंद, म्हणजे ३ मिनिटे ०.८४ सेकंद होते. पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये हंगेरीतल्या बुडापेस्ट येथे जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत अनस, अमोज, अजमल आणि राजेश यांनी २ मिनिटे ५९.०५ सेकंद अशी वेळ दिली. तो आशियाई विक्रम ठरला. त्या फेरीत त्यांच्या पुढे फक्त अमेरिका होती. अंतिम फेरीत ते पाचवे आले.

मग हे पावणेदोन सेकंद कुठून आले? पहिला गडी जागेवरून सुटतो. बाकी तिघे बॅटन घेण्यापूर्वीच पळू लागलेले असतात. जागेवरून वेग धरण्यात जो वेळ जातो तो त्यांचा वाचतो. हातोहात बॅटन नीट गेली तर वाचलेला वेळ पदरात पडतो, देवघेव फसली तर हातचा जातो. शिवाय प्रतिस्पर्धी खांद्याला खांदा लावून पळत असला की अंगातली शेवटची ताकदही बाहेर येते.

एकट्याने धावायचे तर चित्र वेगळे आहे. पॅरिसला पुरुषांची चारशे मीटरची शर्यत अमेरिकेच्या क्विन्सी हॉलने ४३.४० सेकंदात जिंकली. आपला उत्तम धावपटूही त्याच्या दीड-पावणेदोन सेकंद मागे राहतो. म्हणून एकट्याचे पदक आपल्याला दूर आहे, पण चौघांचे मिळून जवळ येते. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत पुरुष संघाने सुवर्ण मिळवले. महिला संघाने रौप्य मिळवले, आणि त्यात मुंबईची ऐश्वर्या मिश्रा होती. महिलांनी तर २००२ ते २०१८ या काळात लागोपाठ पाच आशियाई खेळांत ही शर्यत जिंकली आहे.

मात्र दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पॅरिसला पुरुष संघाने ३ मिनिटे ०.५८ सेकंद वेळ दिली आणि अंतिम फेरी हुकली. २०२५ च्या मे महिन्यात दक्षिण कोरियात गुमी येथे आशियाई स्पर्धा झाली. तिथे महिला आणि मिश्र संघांनी सुवर्ण मिळवले. पुरुष संघात बुडापेस्टच्या चौघांपैकी एकही नव्हता. नव्या मुलांनी रौप्य आणले, पण वेळ ३ मिनिटे ३.६७ सेकंद होती. पहिली फळी आणि दुसरी फळी यांत साडेचार सेकंदांचे अंतर पडले. एवढ्यात चांगला धावपटू पस्तीस-चाळीस मीटर पुढे निघून जातो. आपले दुखणे नेमके इथे आहे. पीक आहे, पण तरवा थोडा आहे.

खो-खोच्या मैदानातून

रिलेचे आणि आपल्या मुलखाचे नाते जुने आहे. १९५४ साली मनिलाच्या आशियाई खेळांत भारताच्या मुलींनी चार गुणिले शंभर मीटर रिलेचे सुवर्णपदक जिंकले. त्या चौघींत मुंबईच्या मेरी डिसूझा आणि पुण्याच्या स्टेफी डिसूझा होत्या. दोघी गोमंतकीय घरांतल्या, आणि दोघीही देशासाठी हॉकीदेखील खेळल्या.

अलीकडचे उदाहरण आणखी जवळचे आहे. नाशिक जिल्ह्याला लागून गुजरातचा डांग जिल्हा आहे. तिथल्या कराडी आंबा या पाड्यावरची सरिता गायकवाड ही मजुरी करणाऱ्या आईबापांची मुलगी. ती आधी खो-खो खेळत असे. पुढे कोणी तरी तिचे पाय पाहिले आणि तिला धावण्याकडे वळवले. २०१८ साली जाकार्ताला आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या महिला रिले संघात हिमा दास, पूवम्मा आणि विस्मया यांच्याबरोबर ती होती.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात खो-खो कुठे कमी आहे? इथल्या मुली राज्याच्या संघातून खेळल्या आहेत. खुंटाला वळसा घालून क्षणात वेग धरणे, दम राखणे, गड्याने खो दिला की तत्काळ उठणे, हे सारे रिलेला लागणारेच गुण आहेत. खोदेखील एका परीने बॅटनच नव्हे काय?

बास्केटबॉलचे काय?

शहरातल्या शाळांत लोखंडी कडीत चेंडू टाकण्याचा जो खेळ चालतो, तो बास्केटबॉल. मैदानात पाच आणि बाकावर सात, असा बारा जणांचा संघ असतो. चाळीस मिनिटांच्या सामन्यात गडी सारखे आतबाहेर होत राहतात. इथेही आपला महाराष्ट्र मागे नाही. मुंबईच्या नागपाड्यात घडलेले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पुण्याची शिरीन लिमये २०२३ मध्ये हांगझोऊला महिला संघाची कर्णधार होती. त्या संघाने उपांत्यपूर्व फेरी गाठली.

पण पुरुष संघ आजवर एकदाच, १९८० साली, मॉस्को ऑलिंपिकमध्ये खेळला. अनेक देशांनी बहिष्कार टाकल्यामुळे तेव्हा जागा मिळाली होती, आणि बारा संघांत आपण बारावे आलो. २०१४ साली वुहानला चीनला चीनमध्ये ६५-५८ असे हरवून या संघाने चकित केले होते. २०२५ च्या आशिया चषकात मात्र गटातले तिन्ही सामने हरले. त्यातला जॉर्डनविरुद्धचा सामना बरोबरीत सुटून जादा वेळेपर्यंत गेला होता.

रिलेचे गडी वर्षभर आपापले धावतात आणि शिबिरात एकत्र येऊन बॅटनची देवघेव पक्की करतात. बास्केटबॉलला तेवढ्याने भागत नाही. बारा जणांनी वर्षानुवर्षे एकत्र खेळावे लागते आणि तोडीच्या संघांशी पुष्कळ सामने व्हावे लागतात. बाकावरचा आठवा-नववा गडीही पहिल्या पाचांच्या जवळपासचा असावा लागतो. म्हणून नजीकच्या काळात आशा धरायची ती रिलेकडून. बास्केटबॉलचे झाड लावले आहे, फळाला वेळ लागेल.

घरच्यांनी काय करावे

कामानिमित्त गावोगाव फिरताना मी पाहतो, आपली पोरे सड्यावर, उघड्या कातळावर अनवाणी धावतात. जांभ्याचा कातळ पायांना माफ करीत नाही. नडगीचे हाड दुखू लागते आणि पोर धावणे सोडते. भात कापल्यावर मोकळी झालेली शेते, गवताळ माळ, किंवा ओहोटीच्या वेळी भाट्यासारख्या किनाऱ्यावरची ओली घट्ट वाळू, ही सरावाला चांगली. वाळूवर जाताना एका बाजूने आणि येताना दुसऱ्या बाजूने उतार पायाखाली येईल असे धावावे, म्हणजे एकाच पायावर ताण पडत नाही.

बॅटनसाठी पैसे खर्च करायला नकोत. सुक्या बांबूचे तीस सेंटिमीटरचे कांडे तासून घ्यावे. देणाऱ्याने उजव्या हाताने द्यावे आणि घेणाऱ्याने मागे पाहत डाव्या हाताने घ्यावे, मग ते उजव्या हातात बदलून धावावे. चार भावंडांत किंवा वाडीतल्या चार पोरांत हा सराव सहज होतो.

बारा-तेरा वर्षांच्या मुलाला एकाच शर्यतीला जुंपू नये. खो-खो, लंगडी, कबड्डी, पोहणे, सारे चालू द्यावे. खाण्यात नाचणीची भाकरी, कुळीथ, अंडे, मासळी असावी. मुलीला लवकर धाप लागत असेल, चेहरा फिका दिसत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. रक्त कमी असताना पळवणे म्हणजे रिकाम्या विहिरीवर पंप चालवणे होय. कोणी ताकदीची भुकटी किंवा इंजेक्शन देऊ लागला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. २०११ साली देशाच्या रिले संघातल्या काही मुली उत्तेजकांच्या तपासणीत सापडल्या आणि त्यांच्यावर बंदी आली. जिंकलेल्या मुलींच्या नावाला डाग लागला.

जन्मतारीख खरीच लावावी. वय चोरून जिंकलेले पदक पुढे गळ्यात अडकते. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी चढत जातात. त्यांची माहिती शाळेचे क्रीडाशिक्षक किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी यांच्या कचेरीत मिळते. प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. दहावी-बारावीला वाढीव गुण आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा, यांना नियमांत बसणारी खरी प्रमाणपत्रेच लागतात. होतकरू मुलांसाठी राज्य सरकारची निवासी क्रीडा प्रबोधिनी आहे. पुण्यात लष्कराच्या क्रीडा संस्थेतही लहान मुलांची निवड होते.

आणि एक गोष्ट आयाबायांना सांगायची आहे. मुलगी चौदा-पंधराची झाली की "आता पुरे झालं पळणं" असे म्हणू नका. सरिताच्या घरी तसे म्हटले असते तर जाकार्ताच्या त्या चौघींत तिची जागा रिकामी राहिली असती.

जिल्ह्यात पहिला येणारा मुलगा कोणाच्याही नजरेत भरतो, त्याची काळजी आपोआप घेतली जाते. जो चौथा आला, जी पाचवी आली, तिची काळजी घरच्यांनीच घ्यायची असते. यंदाच्या शाळेच्या स्पर्धेत नंबर विचारून झाला की किती सेकंद लागले तेही विचारा, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर नाव, अंतर, वेळ आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तोच आकडा ताडून पाहा. दोन सेकंद कमी झाले असतील तर तो तरवा राखून ठेवण्याजोगा आहे असे समजा.